मनाचा डॉक्टर आणि योजनेचं कार्ड

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या माणसाला झोप लागेना, जीव घाबरा होऊ लागला, तर मानसोपचारासाठी जवळची वाट अंबाजोगाईची. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागाची ओपीडी विचारावी.

योजनेच्या कार्डाबाबत मात्र एक गल्लत होते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. नुसत्या तपासणीची फी किंवा महिन्याच्या गोळ्या त्यात सहसा बसत नाहीत. म्हणून ओपीडीसाठी सरकारी दवाखानाच परवडतो.

खासगी रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली, तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. ‘रुग्णालय योजनेत आहे का’ एवढंच विचारू नका. ‘इथे मानसोपचार योजनेत होतो का’ हेही विचारा. रेशनकार्ड, आधार, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत असू द्या.

मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण हवं, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. तूर्त घरूनच बोलायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं.