सिसिलीत भाड्याची गाडी: कुठे न्यायची, कुठे ठेवायची

सिसिलीहून परतून सात महिने झाले होते. ईदची भांडी अजून ओट्यावरच होती आणि पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. आत सगळा मजकूर इटालियनमध्ये. तिथल्या एका छोट्या गावाच्या पालिकेने आम्हाला दोन दंड ठोठावले होते. दोन्ही एकाच संध्याकाळचे, अकरा मिनिटांच्या अंतराने. हॉटेल शोधताना आम्ही एकाच गल्लीतून दोनदा गेलो होतो, गुन्हा एवढाच. त्याआधी गाडी देणाऱ्या कंपनीने 'पोलिसांना तुमचा पत्ता कळवला' या कामाचे पैसे दर दंडामागे वेगळे कार्डावरून कापले होते. सगळे मिळून आकडा तीनशे युरोच्या घरात गेला.

तेव्हापासून कुणी नातेवाईक विचारतात, 'इटलीत गाडी घ्यावी का?' तर आम्ही म्हणतो, जरूर घ्या. पण आधी ठरवा की रोज रात्री गाडी कुठे उभी राहणार. रस्ता त्यानंतर ठरवा. आपण नेमके उलटे करतो.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एवढेच पाहायचे असेल तर गाडी घेऊच नका. ट्रेन उत्तम आहेत, आणि व्हेनिसमध्ये तर बेटाच्या तोंडाशीच गाडी सोडावी लागते. सिसिलीचे तसे नाही. तिथे ट्रेन कमी आणि पाहण्यासारख्या जागा डोंगरात, किनाऱ्यावर विखुरलेल्या. शिवाय आपल्यासारख्या कुटुंबांना या बेटाची आणखी एक ओढ असते. ८२७ साली अरबांचे सैन्य नैऋत्य किनाऱ्यावर माझारा इथे उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले, आणि १०७२ मध्ये नॉर्मन लोकांनी ते जिंकेपर्यंत तिथे मुस्लिम सत्ता होती. ती गेली, पण रस्त्यावरच्या पाट्यांवर अजून शिल्लक आहे. काल्तानिसेत्ता, काल्ताजिरोने, काल्ताबेल्लोत्ता या नावांतले 'काल्ता' म्हणजे अरबी 'कलआ', आपला किल्ला. मार्सालातला 'मार्सा' म्हणजे बंदर. आग्रिजेंतोजवळ फावारा नावाचे गाव आहे, ते नाव आणि आपला फवारा एकाच अरबी शब्दातून आलेले. मुलांना गाडीत बसल्या बसल्या पाट्या वाचायचे काम द्या, मोबाइल आपोआप खाली ठेवतात.

आता कागदपत्रे. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवेच. ते आरटीओतून मिळते, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. 'काउंटरवर कुणी मागत नाही' असे सांगणारे भेटतील. कंपनीने नाही मागितले तरी रस्त्यावर पोलीस मागतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहते. दोघे चालवणार असाल तर दोघांचे परमिट काढा आणि दुसऱ्या चालकाचे नाव करारात घाला. नाव नसेल आणि त्याने गाडी चालवली, तर विमा असून नसल्यासारखा.

खरी अडचण क्रेडिट कार्डाची. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. भाईजानचे कार्ड आणि लायसन्स तुमचे, हे चालत नाही. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. तिकिटे आणि हॉटेले त्याच कार्डावर काढली असतील तर मर्यादा आधीच भरलेली असते आणि काउंटरवर कार्ड नाकारले जाते. अम्मी-अब्बा बॅगांवर बसलेले, मुले भुकेली, आणि आपण बँकेच्या हेल्पलाइनवर. म्हणून एक कार्ड फक्त गाडीसाठी मोकळे ठेवा आणि त्यावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या.

साध्या विम्यात नुकसानीचा पहिला ठरावीक वाटा आपल्यालाच भरावा लागतो. इटलीत त्याला फ्रांकिजिया म्हणतात. हजार युरोच्या पुढचा आकडा सहज असतो. तो शून्यावर आणणारे जादा कवच महाग वाटते, पण सिसिलीतल्या जुन्या गावांच्या गल्ल्या पाहिल्या की वाटत नाही. ताब्यात घेताना गाडीचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर नोंदणीतच तसे लिहा, कारण तिथे हाताने गिअर टाकायच्या गाड्या अजून खूप आहेत. रस्त्याची उजवी बाजू, डावीकडे स्टिअरिंग आणि उजव्या हाताने गिअर, हे सगळे पहिल्याच दिवशी नको. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळी सीट कायद्याने लागते, तीही आधीच मागवा.

आता आमच्या दंडाची गोष्ट. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या आणि गावांच्या मध्यभागाला 'झोना अ त्राफिको लिमितातो' केलेले असते. पांढरी गोल पाटी, लाल कड, आणि बहुतेक ठिकाणी झेड-टी-एल ही तीन रोमन अक्षरे. कोपऱ्यावर कॅमेरा असतो. फाटक नाही, शिपाई नाही, कुणी अडवत नाही. परवाना नसलेली गाडी आत गेली की फोटो निघतो, आणि दर प्रवेशाला वेगळा दंड. काही ठिकाणी विजेची पाटी असते. त्यावर 'वार्को आत्तिवो' दिसले तर आत जाऊ नका. 'आत्तिवो' म्हणजे चालू, आणि चालू आहे तो कॅमेऱ्याचा पहारा, रस्ता नव्हे. आम्ही नेमके इथेच फसलो. 'आत्तिवो' म्हणजे रस्ता चालू असेल, असे समजून गाडी घातली. मोबाइलचा नकाशाही बिनदिक्कत त्याच गल्लीतून नेत होता.

हॉटेल अशा भागात असेल तर नोंदणी करताना दोन प्रश्न विचारा: गाडीचा नंबर पालिकेकडे तुम्ही नोंदवाल का, आणि कोणत्या रस्त्याने यायचे? उत्तर लेखी घ्या. त्याहून सोपे म्हणजे बाहेरचे, पार्किंग असलेले हॉटेल निवडा. इतर ठिकाणी निळ्या रेषांमध्ये पैसे भरून, पांढऱ्या रेषांमध्ये फुकट (जवळच्या पाटीवर वेळेची अट आहे का पाहून), आणि पिवळ्या रेषांमध्ये अजिबात नाही.

या हिशेबाने आमचा बेत आज केला असता तर असा केला असता. पालेर्मोत पहिले दोन दिवस गाडीच नाही. जुने शहर पायी पाहून होते. राजवाड्यातल्या कापेल्ला पालातिना या चर्चचे लाकडी छत मुस्लिम कारागिरांच्या हातचे आहे, त्यावर कूफी लिपीतली अक्षरे आहेत. कॅथेड्रलच्या दक्षिण दाराशी एका खांबावर कुरआनची आयत कोरलेली आहे. झीझा हा महाल म्हणजे 'अल-अझीझ'. भर उन्हाळ्यात आतल्या दालनातून पाणी खेळवून गारवा आणायची सोय तिथे केली होती. याच दरबारात अल-इद्रीसीने राजा दुसऱ्या रॉजरसाठी ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि भूगोलाचा ग्रंथ पुरा केला. पुढे त्याच राजाच्या नातवाने, फ्रेडरिकने, उरलेल्या मुस्लिमांना बेटावरून उचलून मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवले. तेही मुलांना सांगायला हवे.

तिसऱ्या दिवशी ट्रेनने पालेर्मोच्या विमानतळावर जा आणि गाडी तिथून घ्या. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, आपल्याला जायचे त्याच दिशेच्या महामार्गावर आहे. म्हणजे पालेर्मोच्या रहदारीत उतरावेच लागत नाही. वाटेत सेजेस्ताचे ग्रीक मंदिर, मग त्रापानीची मिठागरे. उरण-पेणकडची मंडळी ती पाहून हसतात, 'एवढ्यासाठी एवढे लांब आलो?' पण पवनचक्क्यांसकट ती दिसतात सुंदर. मुक्काम माझाराला, जुन्या वस्तीच्या बाहेर. तिथल्या कासबात आज ट्युनिशियाहून आलेल्या मच्छीमारांची घरे आहेत. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने आग्रिजेंतो. तिथे शहराबाहेर शेतावरचे घर घ्या, गाडी अंगणात राहते. शेवटी सिराकुझा: गाडी पुलाच्या अलीकडे ठेवायची आणि ओर्तिजिया बेटावर चालत जायचे. गाडी कातानिया विमानतळावर परत करा. घेण्याची आणि देण्याची जागा वेगळी असली की जादा पैसे लागतात, पण दोनशे किलोमीटर उलटे येणे वाचते. एटना करायचा असेल तर एक दिवस वाढवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिकडच्या घाटरस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात.

महामार्गावर वेगाची हद्द ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९० आणि गावात ५०. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. पालेर्मोहून माझाराकडचा आणि कातानियाकडचा असे दोन्ही महामार्ग बिनटोलचे आहेत. कातानिया-मेसिना रस्त्यावर मात्र टोल आहे. तिथे 'टेलिपास'ची पिवळी रांग टाळा. कातानियाच्या महामार्गावर दुरुस्तीची कामे फार निघतात, विमान पकडायचे असेल तर तासभर हाताशी ठेवा.

पंपावर एक सापळा आहे. 'गासोलिओ' म्हणजे पेट्रोल नव्हे, डिझेल. पेट्रोलला 'बेंझिना' म्हणतात. दुपारी आणि रविवारी पंपावर माणूस नसतो, यंत्रात आधी पैसे टाकावे लागतात आणि ते सुटे परत देत नाही. लहान नोटा जवळ ठेवा.

खाण्याचे म्हणाल तर पालेर्मोच्या बाल्लारो बाजाराच्या आसपास बांगलादेशी आणि ट्युनिशियन दुकाने आहेत, हलाल मटण-चिकन मिळते, हिंदी-बांगला मिसळून कामही भागते. बाहेर पडलात की मासे. त्रापानीकडे कुसकुस माशाच्या रश्शाबरोबर खातात. आपल्या सांज्यासारखा रवाळ, आमच्या घरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितला. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, त्या पानेल्ले. पण 'व्हेज दिसतेय' म्हणून विश्वास टाकू नका. 'आरांचिना अल बुर्रो', म्हणजे नावाने लोण्याचा भातगोळा, त्यात बहुतेकदा डुकराचे मांस असते. कान्नोलीच्या कुरकुरीत आवरणात डुकराची चरबी आणि मार्साला दारू घालायची जुनी रीत आहे. विचारायचा शब्द 'स्त्रुत्तो', म्हणजे ती चरबी. 'माइआले' म्हणजे डुक्कर, 'विनो' म्हणजे वाईन, 'सेन्झा' म्हणजे शिवाय. माशाच्या रश्शातही वाईन पडते, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारा. शेतावरच्या घरात रात्रीचे जेवण ठरलेले असते, तिथे आदल्या दिवशी कळवा. आणि एक सुखाची गोष्ट: इटलीत १९७५ च्या नियमाने घराच्या न्हाणीघरात बिडे लागतेच आणि हॉटेलांतही ते बहुतेक ठिकाणी असते. युरोपात पाण्याची ही चिंता एवढी कमी क्वचितच असते.

गाडी देताना टाकी भरल्याची पावती आणि पुन्हा एक व्हिडिओ. काउंटरवर माणूस नसेल आणि चावी पेटीत टाकायची असेल, तर ती पेटीही व्हिडिओत येऊ द्या. सगळी कागदपत्रे वर्षभर जपून ठेवा, कारण परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरली तर दंडात ३० टक्के सूट असते. आम्ही ते पाकीट भाषा कळेना म्हणून फ्रिजवर ठेवून दिले होते. आठव्या दिवशी भाचीने मोबाइलवर भाषांतर करून वाचून दाखवले.