वर्णपटावरून ध्वनीची पुनर्रचना

एखाद्या पदार्थाचे पृथक्करण बिनचूक झाले आहे किंवा नाही याची सर्वांत कडक परीक्षा म्हणजे हाती आलेल्या घटकांपासून तो पदार्थ पुन्हा घडवून पाहणे. रसायनशास्त्रातील ही परीक्षा ध्वनिशास्त्रासही लागू पडते. ध्वनीचा वर्णपट काढून त्यावरून तोच ध्वनी पुन्हा निर्माण करणे ही क्रिया संगणकावर ध्वनिरचना करणारांच्या आज नित्याच्या वापरात आहे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. वर्णपटात ध्वनीचे काय सापडले आणि काय निसटले, याचा निर्णय ती कानासमोर करते.

आवर्ती फलन हे साध्या तरंगांच्या बेरजेने मांडता येते, हे तत्त्व फूर्ये यांनी १८२२ साली उष्णतावहनावरील ग्रंथात प्रतिपादिले. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात त्याचा नादाशी संबंध जोडला. नादाची जात त्यातील उपस्वरांच्या सापेक्ष तीव्रतेवर अवलंबून असते, हा त्यांचा सिद्धान्त होय. विजेने कंपित होणारे नादकाटे व अनुनादक यांच्या साहाय्याने त्यांनी मानवी स्वरवर्णांचे अनुकरणही करून दाखविले.

या सिद्धान्ताची मर्यादा शंभर वर्षांनी स्पष्ट झाली. झाँ-क्लोद रिसे हे १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी ट्रंपेटच्या स्वराचे संगणकाद्वारे पृथक्करण केले. एकच स्थिर वर्णपट धरून घडविलेला स्वर ट्रंपेटचा वाटत नसे. म्हणून रिसे यांनी प्रत्येक उपस्वराची तीव्रता क्षणोक्षणी कशी बदलते ते मोजले. तेव्हा दिसून आले की, स्वराच्या आरंभी खालचे उपस्वर आधी व वरचे मागाहून वाढतात. तसेच स्वर जसा जोरकस होतो तसे वरच्या उपस्वरांचे प्रमाण वाढते. हा नियम पाळून रचलेले स्वर कानास खऱ्या ट्रंपेटचे वाटू लागले. अर्थात् नादाची जात ही उपस्वरांच्या एका स्थिर प्रमाणात नसून त्या प्रमाणाच्या कालगत बदलातही असते.

कालगत बदल मोजण्यासाठी ध्वनीचे लहान लहान, परस्परांवर काहीसे चढलेले खंड पाडून प्रत्येकाचा वर्णपट काढतात. येथे एक अटळ अडचण येते. सेकंदास ४४,१०० नमुने घेतले असता १,०२४ नमुन्यांचा खंड सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो आणि वर्णपटातील लगतच्या बिंदूंमध्ये सुमारे ४३ हर्ट्‌झचे अंतर पडते. खंड चौपट केल्यास हे अंतर ११ हर्ट्‌झवर येते. पण मग ९३ मिलिसेकंदांत घडलेले सारे एकाच चित्रात मिसळते. स्वर सूक्ष्मतेने ओळखावा तर क्षण हरवतो, आणि क्षण नेमका धरावा तर स्वर अंधुक होतो.

दुसरी अडचण कलेची, म्हणजे विशिष्ट क्षणी तरंग आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे याची. स्थिर स्वराच्या बाबतीत कान कलेविषयी बराचसा उदासीन असतो. परंतु आघाताच्या ध्वनीत असंख्य तरंग एकाच क्षणी जुळून येतात. केवळ तीव्रता राखून कला विस्कटली, तर तो आघात संपूर्ण खंडभर पसरून बोथट होतो. फ्लॅनागन व गोल्डन यांनी १९६६ साली मांडलेल्या ‘फेज व्होकोडर’ या पद्धतीत लागोपाठच्या खंडांतील कलांच्या फरकावरून प्रत्येक घटकाची नेमकी कंप्रता काढली जाते. त्यामुळे स्वराची उंची न बदलता त्याचा कालावधी वाढविता येतो. ग्रिफिन व लिम यांनी १९८४ साली, केवळ तीव्रता ज्ञात असताना पुनःपुन्हा सुधारणा करीत त्या तीव्रतांशी जुळणारा ध्वनी मिळविण्याची रीत दिली.

एवढे करूनही काही शेष उरतेच. बासरीतील फुंकर किंवा गजाची घासट मोजक्या उपस्वरांत बसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९८९ च्या प्रबंधात झेवियर सेरा यांनी मूळ ध्वनीतून उपस्वर वजा करून उरलेला भाग स्वतंत्रपणे, गोंगाटाच्या रूपाने, रचण्याची पद्धती मांडली. तबल्याच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. पुडीवरील शाईमुळे उपस्वर मूलस्वराच्या जवळजवळ पूर्णांकपटीत येतात, याकडे रामन यांनी १९२० साली लक्ष वेधले होते. म्हणून तबल्याची आस थोड्या उपस्वरांनी रचता येते. परंतु बोटाचा आघात त्यांत येत नाही, आणि आघातावाचून ती आस तबल्याची वाटत नाही.

तात्पर्य, वर्णपट हा ध्वनीचे एक वाचन होय. पुनर्रचित ध्वनी मुळाहून जेथे वेगळा ऐकू येतो, तेथेच त्या वाचनातील उणीव असते, आणि पुढील संशोधनाचा आरंभही तेथूनच करावा लागतो.