अमेरिकेचे वार्तापत्र : गोठवलेले मॅकरोनी-चीज

शिजलेली मॅकरोनी चीजच्या दाट सॉसमध्ये कालवून थंड करायची, घट्ट झाली की तिचे घासाएवढे तुकडे पाडायचे, त्यांवर पातळ पीठ आणि ब्रेडचा चुरा चढवायचा, अर्धवट तळायचे आणि गोठवायचे. अमेरिकी सुपरमार्केटात ‘मॅक अँड चीज बाइट्स’ म्हणून मिळतो तो पदार्थ हा. काचेची दारे असलेल्या फ्रीझरच्या लांबलचक रांगेत त्याची जागा मोझरेला स्टिक्स आणि पिझ्झा रोल्स यांच्या शेजारी असते, जेवणाच्या तयार डब्यांजवळ नव्हे. गिऱ्हाईक तो पोट भरण्यासाठी घेत नाही. फेब्रुवारीत सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी, टीव्हीसमोर बसून, एका हाताने उचलून खाण्याची ही वस्तू आहे.

मूळ पदार्थ मात्र पक्का जेवणातला. फेब्रुवारी १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे जेवायला गेलेले मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य मनासे कटलर यांनी मॅकरोनीच्या ‘पाय’ची नोंद करून ठेवली आहे. त्यांना तो उग्र लागला, आवडला तर नाहीच; आत कांदा असावा असा त्यांचा समज झाला होता. जेफरसन यांच्या घरी फ्रेंच वळणाचा स्वयंपाक रुजवला तो जेम्स हेमिंग्ज यांनी. ते जेफरसन यांचे गुलाम होते. १७८४ मध्ये त्यांना पॅरिसला नेऊन तिथे स्वयंपाकाचे शिक्षण देण्यात आले होते. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या पाकपुस्तकात मॅकरोनी, चीज आणि लोणी यांचे थर देऊन भाजण्याची कृती छापलेली आहे. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत थँक्सगिव्हिंगच्या जेवणात ओव्हनमधून काढलेले मॅकरोनी-चीज आजही मानाचे असते, आणि ते कोणाच्या हातचे हवे यावर घरात एकमत असते.

घराघरांत ते पोचले ते खोक्यातून. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये प्रक्रिया केलेल्या चीजचे पेटंट घेतले होते. त्यांच्या कंपनीने १९३७ मध्ये, मंदीच्या दिवसांत, सुकी मॅकरोनी आणि चीजची पूड एकत्र विकायला काढली. १९ सेंटांत चौघांचे जेवण हा हिशेब लोकांना पटला, आणि महायुद्धातल्या रेशनिंगने खप आणखी वाढवला. तेव्हापासून हे लहानपणचे अन्न झाले, आणि गोठवलेल्या तुकड्यांचा निम्मा खप या आठवणीवरच चालतो असे म्हणायला हरकत नाही. त्या खोक्यातल्या चीजच्या पुडीचा प्रसिद्ध भगवा-पिवळा रंग पूर्वी कृत्रिम रंगांचा होता. कंपनीने ते काढून पाप्रिका, अनॅटो आणि चक्क हळद वापरायला सुरुवात केली; नव्या मिश्रणाची कोट्यवधी खोकी खपल्यावर २०१६ मध्ये या बदलाची जाहिरात केली. तोवर तो फारसा कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

अन्न झपाट्याने गोठवण्याचे व्यापारी तंत्र क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचे. असे पदार्थ १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत प्रथम विकायला आले. हाताने उचलून खायच्या गोठवलेल्या वस्तूंची चाल पुढे ओर-आयडा कंपनीच्या टेटर टॉट्सनी पाडली. फ्रेंच फ्राइज कापताना उरलेल्या बटाट्याच्या चुऱ्याचे काय करायचे, या अडचणीतून ते १९५३ मध्ये निघाले. मॅकरोनीचे तुकडे याच घराण्यातले, पण बरेच धाकटे. २०१६ च्या उन्हाळ्यात बर्गर किंगने चीटोजच्या चवीचे आवरण चढवलेल्या मॅकरोनीच्या कांड्या काही आठवडे विकल्या, तेव्हा या कल्पनेचा बराच गाजावाजा झाला.

कारखान्यातली खरी अडचण सॉसची. घरी मैदा, दूध आणि चीज घालून केलेला सॉस गोठवून पुन्हा गरम केला तर फुटतो. मैद्यातला स्टार्च थंडीत आकसून पाणी सोडतो, चीजमधले तूप वेगळे होते आणि खाली रवाळ चोथा उरतो. त्यावर दोन उपाय योजतात. मैद्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी गोठण सोसणारा, बदल केलेला स्टार्च घालतात, आणि चीजमध्ये सोडियम फॉस्फेट किंवा सायट्रेटसारखे क्षार मिसळतात. हे क्षार चीजच्या प्रथिनांना धरून ठेवणारे कॅल्शियम ओढून घेतात. मोकळी झालेली प्रथिने मग तूप आणि पाणी दोन्ही सांभाळतात. बटाटेवड्याचे सारण गार असो की गरम, घट्टच राहते. इथे सारण गार असताना दगडासारखे आणि खाताना ओघळणारे हवे, म्हणून ही सगळी खटपट. मॅकरोनीही मुद्दाम थोडी कच्ची ठेवतात, कारण सॉसमध्ये बसून ती पाणी पीतच राहते. वरचा चुरा चिकटून बसावा म्हणून तुकडे कडकडीत तेलातून थोडा वेळच काढतात आणि लगेच अतिथंड हवेच्या झोतात नेतात.

घरी उरते ते शेवटचे काम, आणि पदार्थ बिघडतो तो तिथेच. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्याला तापवतो, वाफ आवरणात शिरते आणि चुऱ्याचा ओला लगदा होतो. ओव्हनमध्ये साधारण २२० अंश सेल्सियसला, मध्ये एकदा उलटून भाजले तर रंग बरा येतो, मात्र ट्रेला टेकलेली बाजू आधी करपते. एअर फ्रायरमध्ये गरम हवा चहूबाजूंनी खेळते, त्यामुळे खरा कुरकुरीतपणा तिथेच मिळतो. धोका एकच. वाफेचा जोर वाढला की तुकडा शिवणीशी फुटतो, पिवळा सॉस बाहेर येऊन जाळीवर जळतो आणि हाती पोकळ कवच उरते. म्हणून पहिला थेंब दिसताच बाहेर काढावे, आणि दोन मिनिटे थांबावे. आवरण हाताला कोमट लागले तरी आतला सॉस जीभ पोळतो.

चवीत आवरण बाजी मारते. चुऱ्याचा खमंगपणा आणि चेडरचा खारटपणा पहिल्या घासाला छान जमतो. मॅकरोनी मात्र हरवते. तिच्या नळीचा चावा लागत नाही, नुसते मऊसर काहीतरी जाणवते. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर मीठ आणि तूप तोंडात बसते. सोबत टोमॅटोचा मरिनारा सॉस देतात तो यासाठीच, आंबटपणा तूप कापतो. रँच डिपचीही चाल आहे, पण तुपावर तूप असा तो प्रकार.

शाकाहारी मराठी घरांना पाकीट उलटून वाचावे लागते. भारतात सक्तीची असलेली हिरव्या ठिपक्याची खूण अमेरिकेत नाही. काही प्रकारांत बेकनचे तुकडे असतात; ते समोरच लिहिलेले असते. गहू, दूध आणि अंडे असल्यास ते स्पष्ट सांगणे २००४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. चीजसाठी दूध साकळवणारे एन्झाइम कशाचे, हे मात्र त्यात येत नाही. १९९० मध्ये सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिन या अशा एन्झाइमला मान्यता मिळाल्यापासून अमेरिकेतले बहुतेक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटविना होते, पण घटकांच्या यादीत दोन्हींसाठी ‘एन्झाइम्स’ एवढेच छापलेले असते. पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ असे लिहिलेले नसेल तर कंपनीला विचारण्यावाचून मार्ग नाही.