मिरगाआधीची जीप

सकाळी ८
गॅरेजचं शटर वर करतो तेव्हा जीप दारातच उभी असते. काल संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून आणली. सीजे थ्री बी, पेट्रोल इंजिन, उंच बॉनेट. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि पुढे महिंद्राने ते आपल्याकडे बनवलं. आमच्या चिपळूणच्या बाजूला अशा जीपा अजून टिकून आहेत, कारण डोंगरावरच्या कलमांच्या बागेत जांभ्याच्या चढावर दुसरी गाडी चढत नाही. मालक काका बागायतदार. आंबा उतरला, आता मिरगाच्या आत खत वर न्यायचंय. काल उतारावर पेडल एकदम तळाला गेलं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे वेगळा ड्रम असतो, तो शाफ्टच धरतो आणि त्याला ऑइल लागत नाही. त्या हँडब्रेकने आणि ‘लो’च्या पहिल्या गिअरने काका खाली आले.

सकाळी ८.३०
मी गाडीखाली जातो. मागच्या ॲक्सलजवळ, क्लिपच्या खाली पाईप फुटलाय.

“मिस्त्री, तेवढा तुकडा घाला आणि जोडून टाका,” काका म्हणतात.

मी त्यांनाच टॉर्च देतो आणि चेसिसवरची दुसरी एक क्लिप सोडतो. वरून पाईप काळा, धड दिसतो. क्लिपखाली मात्र तारेचा ब्रश लावताच पापुद्रे निघतात. क्लिपमध्ये चिखल अडकतो, तो वाळत नाही आणि पाईप तिथूनच सडायला लागतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही जीप पाण्यात होती, तो गाळ अजून चेसिसच्या कोपऱ्यांत आहे.

“काका, सगळा पाईप एकाच वयाचा. आज हा गेला, उद्या त्याच्या शेजारचा जाईल. आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. कुठेही एका जागी गळलं की चारही चाकांचे ब्रेक गेले.”

काका थोडा वेळ गप्प बसतात. मग विचारतात, “संध्याकाळपर्यंत होईल?”

सकाळी ९
जीप वर घेतो. जॅकवर ठेवून कधी खाली शिरायचं नाही, लोखंडी स्टँड लावायचे. आमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात, पोरं पटकन तेच सरकवतात. जांभा वजनाखाली अचानक फुटतो. चिरा भिंतीला ठीक, गाडीखाली नाही.

नट सोडण्याआधी माझ्या हाताखालचा पोरगा सगळ्या लाईनचे मोबाईलवर फोटो काढतो. कुठून कुठे वळते, कुठे टी आहे, कुठे क्लिप, सगळं. नटांवर गंज सोडवायचं तेल मी काल रात्रीच मारून ठेवलं होतं.

सकाळी १०
ब्रेक पाईपचा नट साध्या फिक्स पान्याने सोडायला गेलं की त्याचे कोपरे गोल होतात. त्याला फ्लेअर नटचा पाना लागतो. तो रिंग पान्यासारखाच, फक्त पाईप आत जाण्यापुरता तोंडाशी कापलेला. तरीही जो नट पाईपला धरून बसलाय तिथे जबरदस्ती करत नाही. पाईप बदलायचाच आहे, तो कापून टाकतो आणि नटावर सहा कोनी सॉकेट चढवतो. आगीचा उपाय इथे नको. ब्रेक ऑइल पेट घेतं आणि जवळचं रबर जळतं. व्हील सिलिंडरचे ब्लीडर निपलही गंजून बसलेत, म्हणून सिलिंडर नवेच घालायचे ठरतं.

सकाळी ११
जुने पाईप न वाकवता काढून, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जमिनीवर मांडतो. सुतळीने वळणांसकट लांबी मोजतो.

आता पाईप कुठला घ्यायचा हा प्रश्न. फ्रिजवाल्यांचा तांब्याचा पाईप स्वस्त मिळतो, हाताने वाकतो, म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांना तो घातलेला दिसतो. पण साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि नटाच्या तोंडाशी चिरतं. जोरात ब्रेक मारला की लाईनमधला दाब हजार पीएसआयच्या घरात जातो. टायरमध्ये तीसच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. घ्यायचा तर स्टीलचा बंडी पाईप, नाहीतर तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा. दुसरा महाग आहे, पण गंजत नाही आणि वाकवायलाही सोपा. खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, म्हणून काकांना दुसराच घ्यायला सांगतो. माप ३/१६ इंच.

दुपारी १२.३०
पाईप हॅकसॉने कापत नाही, कीस आत जातो. गोल कटरने कापायचा, आतली धार घासून काढायची. मग फ्लेअर. या जीपला पंचेचाळीस अंशांचा डबल फ्लेअर लागतो. पहिल्या दाबात पाईपचं तोंड आत दुमडतं, दुसऱ्यात ते शंकूसारखं उघडतं, म्हणजे बसणारी कड दोन पदरी होते. एकपदरी कड आवळताना चिरते.

पोरगा पाईप क्लॅम्पमध्ये धरतो.

“नट घातलास?”

“घातला, मामा.”

“तोंड कुठल्या बाजूला?”

तो वाकून बघतो, मग मान डोलावतो. फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. तयार पाईप स्पिरिटने धुऊन त्यातून हवा मारतो. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांतलं काही आत जाता कामा नये, त्यांनी सिलिंडरमधली रबरं फुगतात.

दुपारी २.३०
जेवून आल्यावर लाईन बसवायला घेतो. पाईप चेसिसच्या आतल्या बाजूने आणि वरच्या कडेने न्यायचा, म्हणजे दगड लागत नाही. सायलेन्सरपासून लांब. क्लिपमध्ये रबर घालून, कारण सुटा पाईप लोखंडावर घासून झिजतो.

चाकांकडे जाणारे रबरी होजही सगळे नवे. जुना होज बाहेरून बरा दिसला तरी आतून फुगतो. मग ऑइल जोराने आत जातं, पण परत यायला वाट राहत नाही. ब्रेक सोडला तरी ते चाक धरून राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

बागेत जाणाऱ्या गाडीला आणखी एक तपासणी लागते. चेसिस उचलून ॲक्सल पूर्ण लोंबू द्यायचा आणि होज ताणतो का ते बघायचं. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून होज टायरला लागतो का ते. डांबरी रस्त्यावर हे कधी कळत नाही. बागेत एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की कळतं.

दुपारी ३.३०
ड्रम उघडलेत तर ब्रेक शू बघून घेतो. आतली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची. शू ड्रमला घासेपर्यंत जवळ आणतो आणि चाक मोकळं फिरेल इतके मागे सोडतो. हे आधी केलं नाही तर हवा काढूनही पेडल खालीच जातं.

दुपारी ४.३०
हवा काढायची वेळ. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायांखाली, फ्लोअरच्या झाकणाखाली असतो. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसून घेतो. ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलं, डॉट थ्री. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं असताना ते किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना ते उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पेडल जातं आणि गाडी थांबत नाही.

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये.

“दाब… धर… धरून ठेव… सोड.”

बुडबुडे येतात, कमी होतात, थांबतात. मधे मधे मास्टर सिलिंडर भरत राहायचा. तो रिकामा झाला की परत हवा शिरते आणि काम पहिल्यापासून.

संध्याकाळी ६
पोरगा पेडल जोरात दाबून धरतो. मी कोरडा कागद घेऊन प्रत्येक जोडावर फिरवतो. एक नट ओलसर लागतो, पाव आटा आवळतो, परत पुसतो, परत बघतो. आता कोरडा.

आधी अंगणात, पायी चालण्याच्या वेगाने. मग सरळ रस्त्यावर. शेवटी कुंभार्ली घाटाची खालची वळणं. गाडी एका बाजूला ओढत नाही, पेडल वर आणि कडक. परत आल्यावर जोड पुन्हा कागदाने तपासतो.

संध्याकाळी ७.३०
काका बिल बघून कपाळावर आठ्या घालतात, मग पैसे मोजतात. मी त्यांना सांगितलं तेच जुनी जीप वापरणाऱ्या सगळ्यांना सांगतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, गाडी पुराच्या पाण्यात गेली असेल तर लगेच. मिरगाआधी एकदा गाडीखाली शिरा, क्लिप सोडवा आणि पाईप ब्रशने घासून बघा. पापुद्रा निघाला तर जोड मारू नका, अख्खी लाईन बदला.