चाळिशीतली टर्बो : घरच्या गॅरेजमधली पोर्श 944

पोर्शची 944 टर्बो 1985 साली बाजारात आली आणि 1991 पर्यंत बनत राहिली. तिची जुळणी पोर्शच्या स्टुटगार्टमधल्या मूळ कारखान्यात नव्हे, तर ऑडीच्या नेकार्सउल्म इथल्या कारखान्यात करारावर होत असे. 2479 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यावर केकेके कंपनीचा के-26 टर्बोचार्जर आणि 220 अश्वशक्ती, अशी ती सुरुवातीला होती. 1988 च्या टर्बो एस मध्ये हा आकडा 250 वर गेला आणि पुढच्या वर्षापासून सगळ्याच टर्बो तेवढ्या ताकदीच्या निघू लागल्या. एकूण सुमारे 25 हजार गाड्या बनल्या. नवी असताना ती सधन माणसाची गाडी होती. आज जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत ती सांभाळणाऱ्यांत स्वतःच्या हाताने पाने चालवणारे नोकरदारही बरेच आहेत. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारण नियमाने आयातच करता येत नाही, त्यामुळे मराठी माणसाची या गाडीशी गाठ पडते ती बहुधा परदेशातच.

गाडीचे आयुष्य किलोमीटरवर मोजण्याची सवय सगळ्यांनाच असते. इथे ती उपयोगाची नाही. एक तर या गाडीच्या ओडोमीटरमधले बारीक प्लॅस्टिकचे दातेरी चाक ठिसूळ होऊन तुटते. वेगाचा काटा हलत राहतो, आकडे मात्र थांबलेले असतात, आणि मालकाच्या ते महिनोन् महिने लक्षात येत नाही. दुसरे म्हणजे ही गाडी झिजण्याआधी वाळते. पत्र्याला जस्ताचा मुलामा असल्याने गंज त्या काळच्या इतर गाड्यांच्या मानाने कमी असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा इंजिन ब्लॉक दीर्घायुषी असतो. वय दिसते ते रबरात, प्लॅस्टिकमध्ये आणि सोल्डरच्या टाक्यांत. पंधरा वर्षे शेडमध्ये झाकून ठेवलेली, ‘फारच कमी चाललेली’ म्हणून जास्त किमतीला विकली जाणारी गाडी म्हणूनच अनेकदा रोज वापरलेल्या गाडीपेक्षा महागात पडते.

सगळ्यांत आधी बघायचे ते इंजिनाच्या पुढच्या बाजूचे दोन पट्टे. एक टायमिंग बेल्ट. दुसरा बॅलन्स शाफ्टचा. चारच सिलिंडरचे एवढे मोठे इंजिन जात्याच थरथरते. ती थरथर मारण्यासाठी क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट फिरणारे दोन दांडे ब्लॉकच्या दोन अंगांना बसवलेले आहेत. ही मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लँचेस्टरची, पण तिचे आधुनिक रूप मित्सुबिशीच्या पेटंटखाली होते आणि पोर्शने त्याचा परवाना घेतला. बॅलन्स शाफ्ट एखादा दाता चुकून बसला तर गाडी नुसती थरथरते. टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतात, वॉल्व वाकतात आणि हेड उतरवावे लागते. बॅलन्सचा पट्टा तुटून त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये अडकले, तरी शेवट तोच. म्हणून जाणकार मंडळी दोन्ही पट्टे एकदमच बदलतात, आणि तेही 50 हजार किलोमीटर किंवा चार वर्षे यांतले जे आधी येईल तेव्हा. घरच्या वापरात चार वर्षेच आधी येतात.

काम अवघड नाही, पण धसमुसळ्या हाताचे नाही. बॅटरीची तार काढून रेडिएटरचे पंखे बाहेर घेतले की हात चालवायला जागा होते. क्रँकच्या 24 मिलिमीटरच्या बोल्टला पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवायचे. उलट कधीच फिरवायचे नाही. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आला की बेलहाउसिंगच्या भोकातून फ्लायव्हीलवरची खूण दिसते. पुढे कॅमच्या चक्रावरची खूणही आपल्या खाचेशी जुळलेली असली पाहिजे. या दोन खुणा जुळल्याशिवाय जुना पट्टा सैल करू नये. फक्त पट्टा बदलून थांबणे ही खोटी काटकसर आहे. टायमिंग बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. पंपाचे बेअरिंग जाम झाले तर नवा पट्टासुद्धा जातो. क्रँक, कॅम आणि बॅलन्स शाफ्टची पुढची ऑइल सील गळत असतील, तर त्या तेलात पट्ट्याचे रबर फुगते आणि कुजते. रोलर, सील, पंप आणि पट्टे यांचा संच एकाच वेळी बसवावा. ताण मोजायला पोर्शचे स्वतःचे मापक होते आणि त्याला स्वस्त पर्यायही मिळतात. पट्टा चिमटीत धरून पिळून बघण्याचा अंदाज इथे चालत नाही, कारण ढिला पट्टा दाता सोडतो आणि फार ताणलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. जोडणी झाली की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासायच्या, आणि तीनएक हजार किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघायचा. ही शेवटची तपासणी टाळणारेच जास्त, आणि इंजिन गमावणाऱ्यांत तेही असतात.

दुसरा शत्रू उष्णता. एक्झॉस्टमधल्या वायूच्या जोरावर टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. जोरात पळवलेली गाडी एकदम बंद केली, तर तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेले तेल करपून कोळसा होते. हे टाळण्यासाठी 944 टर्बोला पाण्याने थंड होणारे बेअरिंग-घर आणि चावी काढल्यावरही थोडा वेळ चालणारा छोटा विजेचा पंप दिला आहे. गाडी बंद केल्यावर त्याची बारीक घरघर ऐकू यायला हवी. येत नसेल, तर टर्बो जाण्याआधी पंप बदलावा. त्या जोडीला चांगले तेल वेळेवर बदलणे आणि घराजवळचे शेवटचे अंतर शांत चालवणे, एवढे पथ्य पुरते.

टर्बो या इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूला नाही. गरम वायू आडव्या पाइपातून पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली नेलेला आहे. त्यामुळे टर्बो काढायचा तर मॅनिफोल्ड आधी उतरवावा लागतो. एकदा तो उतरला की खालच्या व्हॅक्यूमच्या नळ्या, पाण्याचे होज आणि इंधनाच्या रबरी जोडण्या चांगल्या दिसत असल्या तरी बदलाव्यात. यात इंधनाची जोडणी पहिली. तापलेल्या टर्बोजवळ पेट्रोल ठिबकले तर गाडीला आग लागते, आणि अशा गाड्या जळालेल्या आहेत.

पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला, असे मात्र समजू नये. बहुतेक वेळा हवा कुठेतरी निसटत असते: इंटरकूलरच्या जोडावर, चिरलेल्या नळीत, नाहीतर वेस्टगेटच्या फाटलेल्या पडद्यात. इनटेकमध्ये धूर सोडून किंवा थोडा दाब भरून गळती शोधता येते. दांड्याला आडवा किंचित खेळ असतोच. मागेपुढे हलतो तो दांडा मात्र बाद. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर निळा धूर आला तर टर्बोच्या सीलवर संशय घ्यावा. गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे.

विजेचे दोष सगळ्यांत जास्त पैसे वाया घालवतात, कारण ते कळत नाहीत. गाडी उन्हात बंद पडते, तासाभराने काही न करता सुरू होते, आणि मालक पेट्रोल पंप, फिल्टर, इंजेक्टर बदलत बसतो. दोष बहुधा फ्यूज बॉक्समधल्या डीएमई रिलेचा असतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा हा रिले तापला की त्यातले सोल्डरचे टाके सुटतात. नवा रिले स्वस्त आहे, म्हणून जुने मालक एक जादा रिले गाडीत ठेवतातच. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल, तर फ्लायव्हीलजवळचे सेन्सर आणि त्यांचे तुकडे पडणारे कनेक्टर बघावेत. त्याआधी अर्थिंगच्या तारा घासून साफ कराव्यात. अर्ध्या तासाच्या या कामाने कित्येक गूढ दोष निघून जातात.

क्लच हे घरच्या गॅरेजच्या मर्यादेवरचे काम आहे. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि इंजिन पुढे, मधे लांब टॉर्क ट्यूब. क्लच बदलायला एक्झॉस्टसकट बरेच काही खाली घ्यावे लागते. जर्मनीत लिफ्टसकट वर्कशॉप तासावर भाड्याने मिळते, तिथे हे काम करणे शहाणपणाचे. जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. स्टँड लावलेच पाहिजेत. ब्रेकचे चार पिस्टनचे कॅलिपर उत्तम आहेत, पण पॅडखालच्या स्टीलच्या पट्ट्यांखाली अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गंज धरतो, पट्ट्या उचलल्या जातात आणि पॅड अडकतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. टायर मात्र नक्षी बघून नव्हे, बाजूच्या चार आकडी आठवडा-वर्षाच्या खुणेवरून जोखावेत.

ताकद वाढवण्याचा मोह या गाडीला फार महागात पडतो. चिप बदलून बूस्ट वाढवणे सोपे आहे, पण ठोका धरणारा मूळ नियंत्रक, इंधनाचा पुरवठा आणि दुसऱ्या क्रमांकाचे बिग एंड बेअरिंग यांनी ते पेलले पाहिजे. हे बेअरिंग जोरदार वापरात आधी जाते, हे रेसवाल्यांना ठाऊक आहे. ब्लॉकला वेगळे लायनर नसल्याने सिलिंडर खरवडला गेला, तर साधा बोअरिंगवाला ते काम करू शकत नाही. जुनी प्रत्येक नळी बदलून झाल्याशिवाय बूस्टला हात लावू नये.

ही गाडी घरी टिकते ती भाग मिळतात म्हणून. पोर्शचा क्लासिक विभाग जुन्या गाड्यांचे भाग अजून पुरवतो, आणि बॉशचे सेन्सर, पट्टे, सील स्वतंत्र विक्रेत्यांकडेही मिळतात. जर्मनीत तीस वर्षे ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी मिळते आणि वर्षाला सुमारे 191 युरो एवढा ठरावीक कर बसतो. तिथे वापरलेले तेल ते विकणाऱ्या दुकानाला परत घ्यावे लागते. म्हणून पावती जपून ठेवावी.

पावत्यांचे महत्त्व खरेदीच्या दिवशी तर सर्वाधिक असते. चकाकणाऱ्या रंगापेक्षा जाड फाइल बघावी. पट्टे कधी बदलले याचे तारखेसकट बिल विक्रेत्याकडे नसेल, तर ते बदललेच नाहीत असे धरावे, त्यांचा खर्च किमतीतून वजा करावा आणि गाडी चालवत न आणता ट्रेलरवर घालून घरी न्यावी.