मांजराचे पिल्लू : केव्हा थांबावे, केव्हा दवाखाना गाठावा?

हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. त्या दिवसांत नाशिक शहरातही चांगलाच गारठा असतो. अशा पहाटे जिन्याखाली एखादे मांजराचे पिल्लू निपचित पडलेले दिसते. ते झोपले आहे की आजारी आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम थोडे गणित करू. १ सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. आणि घनफळ १ घ. सेंमी. असते. १० सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १०००. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने जास्त. उष्णता पृष्ठभागातूनच बाहेर जाते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. शिवाय पहिले काही दिवस त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून ते आईवाचून झपाट्याने गार पडते.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नका. त्याच्या आतड्यांचे काम मंदावलेले असते आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. नको वाटल्यास बाजूला सरकण्यास त्याला जागा ठेवा. आणि दवाखान्याकडे निघा.

आता इतर लक्षणे पाहू. झोपलेल्या पिल्लाच्या छातीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. उत्तर सतत ४० च्या वर येत असेल, किंवा पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल, तर उशीर नको. ओठ हलकेच उचलून हिरड्या पाहा. त्या गुलाबी हव्यात. पांढरट, निळसर किंवा पिवळ्या हिरड्या धोक्याची खूण होय. वारंवार उलट्या व जुलाब होत असतील, तर विषाणूजन्य पॅनल्युकोपेनियाची शंका येते. हा रोग आतड्यांचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट करतो. तो टाळणारी लस उपलब्ध आहे. झटके येणे, पाय न टेकणे, १२ तास काहीच न खाणे हीदेखील तातडीचीच लक्षणे. वाहनाचा धक्का लागला असेल, तर बाहेर जखम नसली तरी आत रक्तस्राव असू शकतो.

याउलट पिल्लू उबदार, गुबगुबीत आणि शांत झोपलेले असेल, तर दुरूनच लक्ष ठेवा. त्याची आई बहुधा भक्ष्याच्या शोधात गेलेली असते.

घरातील औषध मात्र कधीच देऊ नका. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. ती निरुपद्रवी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार दुबळी असते. त्यामुळे तयार होणारे विषारी पदार्थ रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो.

पिल्लाला नेताना हवेशीर खोक्यात जुना टॉवेल घाला. ते घाबरून चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरापासूनही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर खात्रीचा उपाय नाही.

पशुवैद्यांना तुमच्याकडून तीन गोष्टी कळल्या तर फार उपयोग होतो : पिल्लू कोठे सापडले, त्याने शेवटचे केव्हा खाल्ले आणि एका मिनिटातील श्वास किती. त्या कागदावर लिहून न्या.