'क'चा बाक आणि धांडे सर
लातूर-नांदेडच्या क्लासेसमधल्या पोरांनो, आयआयटी म्हटलं की तुम्हाला कटऑफच आठवतो. आज एक नाव लक्षात ठेवा: डॉ. संजय गोविंद धांडे.

पुणे विद्यापीठातून इंजिनीअरिंग, मग आयआयटी कानपूरला पीएच.डी. आणि पुढे तिथेच प्राध्यापकी. मूळचे मेकॅनिकलवाले, पण रमले कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि वक्रांच्या भूमितीत. म्हणजे काय? मोबाईलवरच्या 'क'चा गोल बाक बेझिए वक्रांचे तुकडे जोडून बनतो. तुकड्याची दोन टोकं ठरलेली. मधला बिंदू ओढला की बाक बदलतो. गाडीचं बॉनेटही याच गणितातून घडतं!

२००१ ते २०१२ ते आयआयटी कानपूरचे संचालक होते, २०१३ला पद्मश्री. (मला विचाराल तर त्यांचा विषय पदापेक्षा भारी.)

विष्णुपुरीच्या एसजीजीएस इंजिनीअरिंग कॉलेजला मेकॅनिकल घेणाऱ्यांनो, 'ड्रॉइंग' रटाळ म्हणण्याआधी असा एक वक्र कागदावर काढून बघाच.